तिजोरीचा भार कोण वाहतो?



एखाद्या पेढीची, पतसंस्थेची किंवा सहकारी बँकेची नवी जागा पाहावयास आपण जातो, तेव्हा तेथील तिजोरीविषयी आपण काय विचारतो? कुलूप किती किल्ल्यांचे आहे, दार किती जाड आहे, रात्री पहारा असतो की नाही. हे प्रश्न योग्यच आहेत. परंतु ज्या जमिनीवर ती तिजोरी उभी आहे ती जमीन कशावर उभी आहे, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे. तो इंजिनिअर मंडळींचा म्हणून आपण सोडून देतो. पण त्यातील मुख्य विचार कोणाही व्यवहारी माणसाला समजेल असा आहे, आणि तो समजून घेण्यात आपले हित आहे.

नंदुरबारकरांना तिजोरीचे अप्रूप नाही. सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारा जुना व्यापारी रस्ता नवापूर व नंदुरबार या गावांवरून जात असे. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याने या वाटेवरील मुक्कामांत दोन्ही गावांची नावे नोंदवून ठेवली आहेत. जेथे व्यापार तेथे रोकड, आणि जेथे रोकड तेथे ती जपून ठेवण्याची सोय, हे ओघानेच आले. तेव्हा आपल्या पूर्वजांनी मौल्यवान व जड वस्तू कोठे ठेवल्या, हे आधी पाहू.

जुन्या खानदेशी घराची रचना आठवा. भिंतींवर आणि सागवानी खांबांवर तुळया, तुळयांवर जवळजवळ मांडलेल्या कड्या, कड्यांवर फळ्या, आणि त्यावर मातीचा थर देऊन केलेले धाबे. हे काम उत्तम असे. कित्येक घरांचे कडीपाट पिढ्यान्‌पिढ्या टिकले आहेत. पण त्या माडीवर काय असे? माणसे निजत, अंथरुणे-पांघरुणे असत, वाळवणे पडत. धान्य मात्र पेवात, म्हणजे जमिनीच्या पोटात जाई. किंवा बळदात, म्हणजे जाड भिंतीच्या आधाराने बांधलेल्या कोठारात. सोने-नाणे तळघरात किंवा जमिनीवर टेकलेल्या जड पेटीत राही. चोरापासून बचाव हा यातील एक हेतू होताच. परंतु जड वस्तू जमिनीवर आणि हलकी वस्तू माडीवर, ही व्यवस्था सुतार व गवंडी पिढीजात शिकत आले होते. आकडेमोड नव्हती, पण रीत पक्की होती.

ही रीत आज मोडली आहे, आणि तिचे कारण द्वेष किंवा अज्ञान नसून भाडे आहे. १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्यानंतर तालुक्याच्या गावांतूनही शाखा निघाल्या. पुढे पतसंस्था वाढल्या, सराफी पेढ्या वाढल्या. बाजारपेठेच्या रस्त्यावर तळमजला महाग. तो दुकानदाराला भाड्याने द्यावा आणि आपले कार्यालय वरच्या मजल्यावर न्यावे, हा हिशेब कोणाही संचालक मंडळाला सुचणारा आहे. कार्यालय वर गेले की तिजोरीही वर जाते. येथवर काही बिघडले नाही असे वाटते. बिघडते ते पुढे, आणि किती बिघडते हे आकड्यांवाचून कळत नाही.

इमारतीवर येणारा भार दोन प्रकारचा असतो. एक तिचा स्वतःचा: भिंती, स्लॅब, फरशी, गिलावा. हा कायम असतो. दुसरा वापराचा: माणसे, टेबले, कपाटे, माल. स्लॅब किती जाड करावयाचा व त्यात किती सळई घालावयाची, हे ठरविताना हा वापराचा भार आधी गृहीत धरावा लागतो. तो किती धरावा याचे नियम भारतीय मानक ब्यूरोने आखून दिले आहेत. त्यातील वापराच्या भारासंबंधीचा भाग १९८७ साली निघाला. त्यात राहत्या घराच्या खोलीसाठी दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरला आहे. ज्या कार्यालयाचे दप्तर दुसऱ्या खोलीत राहते त्याला २५०, बँकेच्या दर्शनी दालनाला ३००, दप्तरखान्याला ५००, ग्रंथालयातील पुस्तकांच्या मांडण्यांच्या खोलीला निदान ६००. आणि स्ट्राँगरूम? तेथे ठराविक आकडा दिलेलाच नाही. प्रत्यक्ष हिशेब करावा, मात्र तो ५०० किलोपेक्षा कमी धरू नये, असे सांगितले आहे. नियम करणाऱ्यांनी एवढ्या खोल्यांना आकडे दिले आणि नेमका येथे हात आखडता घेतला, याचा अर्थ आपण ध्यानी घेतला पाहिजे. ही खोली सरासरीने मोजण्याजोगी नाही.

२०० किलो म्हणजे किती, हे आपल्या मार्केट यार्डातील भाषेत सांगतो. ५० किलोचे धान्याचे पोते आडवे टाकले तर ते सुमारे अर्धा चौरस मीटर जागा व्यापते. म्हणजे पोत्यांचा एक थर दर चौरस मीटरला १०० किलो झाला. दोन थर लावले की घराच्या खोलीची मर्यादा गाठली. तिसरा थर लावताक्षणी स्लॅब कोसळतो असे नव्हे, कारण हिशेबात सुरक्षिततेसाठी काही शिल्लक ठेवलेली असते. पण ती शिल्लक सिमेंटमधील उणीव, सळईचा गंज, गवंड्याची चूक, भूकंप अशा न दिसणाऱ्या गोष्टींसाठी राखलेली असते. ती आपण हौसेने खर्चावयाची नाही.

आता तिजोरीची खोली तोलून पाहू. समजा, आतून ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच अशी खोली आहे. तिच्या भिंती, जमीन आणि छत ३० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे एक फूट, जाडीच्या सळईयुक्त काँक्रीटचे आहेत. अशा काँक्रीटचे वजन घनमीटरला २,५०० किलो धरतात. भिंतीच्या दर मीटर लांबीचे वजन झाले २,२५० किलो. चारी भिंतींची मध्यरेषेवरील लांबी १५.२ मीटर, त्यांचे वजन सुमारे ३४ टन. छताचे सुमारे साडेबारा टन, तितकेच जमिनीचे. दाराच्या जागी भिंत थोडी कमी होते, पण पोलादी दार ती उणीव भरून काढते. एकंदर सुमारे ५९ टन. भरलेल्या दोन दहाचाकी मालमोटारी एकमेकींवर ठेवाव्या तेवढे हे वजन, आणि आत अजून एक रुपयाही ठेवलेला नाही! बाहेरून मोजता ही खोली साडेसोळा चौरस मीटर जागा व्यापते. म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ३,६०० किलो. कार्यालयासाठी आपण धरले होते २५०. चौदा पटींहून अधिक!

आता आतील ऐवज. लोकांची समजूत अशी की तिजोरी जड होते ती सोन्याने. सोने जड खरेच. एका लिटरच्या मापात मावेल एवढ्या सोन्याचे वजन १९ किलोंवर जाते. पण गावच्या पेढीतील सोने कितीसे असणार? भार वाढतो तो पोलादी लॉकरांनी, नाण्यांनी आणि कागदांनी. दहा रुपयांचे नाणे सुमारे पावणेआठ ग्रॅमचे असते. एक लाख रुपये या नाण्यांत मोजले तर ७७ किलो भरतात. तेच लाख रुपये पाचशेच्या नोटांत मोजले तर २०० नोटा, म्हणजे पाव किलोच्या आतच. किंमत सारखी, पण स्लॅबला किंमत कळत नाही, त्याला वजन कळते. कागदाचेही तसेच. जुन्या खतावण्या आणि कर्जरोख्यांचे गठ्ठे घट्ट रचले तर एका घनमीटरला ७०० किलोंच्या आसपास भार होतो. दप्तर म्हणून आपण त्याला हलके समजतो, पण ते लाकडाइतके जड असते.

कोणी म्हणतील, आम्ही काँक्रीटची खोली बांधीतच नाही, आम्ही एक मोठी तिजोरी आणून ठेवतो. ठीक आहे. समजा तिजोरी एक टनाची आहे आणि तिचा तळ ८० सेंटिमीटर लांब व ७० सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे तळाखाली चौरस मीटरला जवळजवळ १,८०० किलो भार आला. घराच्या खोलीच्या नऊपट. शेजारची जागा रिकामी ठेवली तर तिचा काही आधार मिळतो हे खरे, पण तो किती मिळेल हे स्लॅबची जाडी, सळईची दिशा आणि तिजोरीची जागा यांवर अवलंबून राहते. ते नजरेने ठरविता येत नाही.

जागेचा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, हे एका फळीवरून समजेल. दोन दगडांवर लाकडी फळी ठेवा आणि मधोमध उभे राहा. फळी वाकते, तिची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र सोसत नाही. म्हणूनच स्लॅबच्या मधल्या भागात सळई खालच्या अंगाला असते. आता तुम्ही एका दगडाकडे सरका. फळी कमी वाकेल. गणित असे सांगते की, फळीच्या लांबीच्या दहाव्या हिश्शाइतके दगडाजवळ उभे राहिल्यास वाकविणारा जोर मधल्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास उरतो. म्हणून जड तिजोरी खोलीच्या मध्यभागी ठेवण्यापेक्षा भार पेलणाऱ्या भिंतीलगत किंवा तुळईवर ठेवणे बरे. पण येथेही थांबून विचार करावा लागतो. आधाराजवळ वाक कमी होतो, मात्र स्लॅबला कात्रीसारखा कापण्याचा जोर तेथे वाढतो. एकीकडचे दुखणे दुसरीकडे गेले, एवढेच. आणि भिंत नुसती विटांची आडभिंत असेल, तर ती भार पेलणारी नव्हेच. तीच बिचारी स्लॅबवर बसलेली असते.

तुळईवाचून खांबांवर थेट स्लॅब टेकविलेल्या इमारतीत धोका आणखी निराळा असतो. तेथे जड भार आला म्हणजे खांब स्लॅबमधून आरपार घुसू पाहतो. बोट पापडातून जावे तसा. असे घडते ते अचानक घडते, झोळ दाखवून वेळ देत नाही. आणि रस्त्यावर पुढे आलेल्या गॅलरीवर, जिचे एकच टोक धरलेले असते, जड वस्तू ठेवण्याचा विचारही करू नये.

पुष्कळदा तिजोरीखाली जाड लोखंडी पत्रा किंवा सागवानी ओंडके घालून आपण निश्चिंत होतो. त्यायोगे चार पायांखालची फरशी फुटत नाही, एवढा लाभ खरा. वजन मात्र एक तोळ्यानेही कमी होत नाही. उलट पत्र्याचे त्यात मिळते.

आणखी एक गोष्ट काळाची. सभेला दोनशे माणसे जमली तर ती दोन तासांनी उठून जातात. स्लॅब पुन्हा मोकळा होतो. तिजोरी मात्र दिवसरात्र, वर्षानुवर्षे तेथेच बसते. काँक्रीटचा स्वभाव असा आहे की, कायमच्या भाराखाली ते हळूहळू अधिकाधिक वाकत जाते. पहिल्या दिवशी जेवढा झोळ आला असेल त्याच्या दुपटी-तिपटीपर्यंत तो काही वर्षांत जाऊ शकतो. तेव्हा ‘तिजोरी ठेवून वर्ष झाले, काही झाले नाही’ हे उत्तर पुरेसे नाही.

समजा, स्लॅब मजबूत केला. तेवढ्याने काम झाले का? स्लॅबने भार तुळईला दिला, तुळईने खांबाला, खांबाने पायाला, आणि पायाने मातीला. भाराची ही वाट अखंड असावी लागते, आणि वाटेतील प्रत्येकाला आपल्याकडे काय येणार आहे हे आधी ठाऊक असावे लागते. मध्येच एखादा खांब कमजोर असेल तर वरची सारी मजबुती व्यर्थ. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपर येथे एक चार मजली इमारत कोसळून १७ माणसे दगावली. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलाच्या कामात खांबांना धक्का लावल्याचा आरोप त्या वेळी झाला. तेथे तिजोरीचा संबंध नव्हता. पण वरच्याचा भार खालच्यावर असतो आणि खालचा दुकानदार बदलला की दुकानाची रचनाही बदलते, हा धडा तिजोरीवाल्यांनी घेण्यासारखा आहे.

शेवटी भार मातीवर येतो. आपल्या जिल्ह्यात तापीकाठच्या सपाटीत काळी कपाशीची माती खोलवर आहे. उन्हाळ्यात ती आक्रसून भेगाळते, पावसाळ्यात फुगते. या फुगण्याचा जोर एवढा असतो की हलके घर ती उचलते. जड बांधकाम मात्र तिच्याने तितकेसे उचलवत नाही. आता एका हलक्या घराला चिकटून ५९ टनांची काँक्रीटची पेटी बांधली तर काय होईल? पावसाळ्यात घर वर सरकेल, पेटी जागेवर राहील, आणि दोहोंच्या सांध्यावर भिंतीला तडा जाईल. दर वर्षी आपण तो सिमेंटने बुजवू आणि दर वर्षी तो उघडेल. म्हणून अशा खोलीला स्वतंत्र पाया द्यावा, तो काळ्या मातीतून खाली टणक मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा, आणि घर व खोली यांच्या बांधकामात मुद्दाम फट सोडावी. काळी माती फार खोल असेल तेथे खालच्या टोकाशी फुगीर कंद असलेले काँक्रीटचे खुंट जमिनीत उतरवितात. या पद्धतीवर रुडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने पुष्कळ काम केले आहे.

मातीचा हा विचार जगातील सर्वांत श्रीमंत तिजोऱ्यांनाही चुकलेला नाही. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेची सोन्याची तिजोरी रस्त्याच्या पातळीखाली ८० फुटांवर, मॅनहॅटन बेटाच्या मूळ खडकावर बसविली आहे. ती तेथे नेण्याचे एक कारण हेच की, तिचे दार, भिंती आणि सोने यांचा भार पेलण्यास त्या खडकासारखा दुसरा पाया नव्हता. लंडन शहर मात्र चिकणमातीवर वसले आहे. तेथे बँक ऑफ इंग्लंडच्या तळघरात सोन्याच्या विटा पाटांवर ठरावीक वजनाने मांडतात आणि त्यांचे थर फार उंच रचीत नाहीत, कारण खालची माती खचण्याची भीती. ज्यांच्याकडे सोने ठेवण्यास दोन्ही खंडांतील राष्ट्रे येतात, त्यांनासुद्धा आधी मातीला विचारावे लागते!

आपल्या भाग्याने आपल्याकडे दोन्ही आहे. तापीकाठी काळी माती आहे, तर नंदुरबारच्या आसपास दख्खनच्या काळ्या पाषाणाचे थर आणि त्यांतून भिंतीप्रमाणे उभे राहिलेले खडकांचे लांबच लांब कणेही आहेत. टणक मुरूम किंवा खडक लागला की चौरस मीटरला ३,६०० किलो हा भार त्याला किरकोळ आहे. जो भार वरच्या मजल्याच्या स्लॅबला चिरडतो, तोच जमीन सहज पेलते. याचे कारण जमीन फार बळकट आहे एवढेच नसून, ती अधांतरी नाही, हे आहे. तिला वाकावयास खाली जागाच नाही.

यावर कोणी आक्षेप घेतील की तळमजल्यावर भुयार खणण्याची भीती असते, आणि पुराचीही. दोन्ही आक्षेप खरे आहेत. भुयारासाठी खोलीच्या जमिनीतही भिंतीइतकीच जाडी व सळई द्यावी, असा उपाय आहे. पुराविषयी बोलावयाचे तर ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने सुरतेची काय दैना केली, ते आपण जाणतो. तेव्हा नदीकाठच्या गावात तळघराचा हट्ट धरू नये. पुराची पातळी विचारून त्याहून उंच जोते बांधावे, आणि ते जोते मुरमाने ठासून भरावे. उंच जोते आणि वरचा मजला यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. जोत्याखाली भराव असतो, मजल्याखाली दुसऱ्याचे दुकान.

भूकंपाचाही विचार येथेच करू. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्याच्या परिसरात सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला होता, आणि २६ जानेवारी २००१ चा कच्छचा धक्का आपल्याकडेही जाणवला. भारतीय मानकाच्या २००२ सालच्या भूकंप-नकाशात नंदुरबारचा प्रदेश तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात धरला होता. धरणी हलते तेव्हा इमारतीवर येणारा आडवा जोर तिच्या वजनाच्या प्रमाणात असतो. डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईला कोणी धक्का दिला तर ती रिकाम्या बाईपेक्षा लवकर तोल गमावते. वरच्या मजल्याच्या एका कोपऱ्यात ५० टनांचा गोळा असेल तर इमारत नुसती हलत नाही, ती पिळवटली जाते.

अशा उपेक्षेचे फळ किती भयंकर असते, याची दोन उदाहरणे जगाने पाहिली आहेत. २९ जून १९९५ रोजी दक्षिण कोरियात सेऊल येथील सामपूंग नावाचे मोठे दुकान कोसळून ५०२ माणसे मरण पावली. स्लॅब तुळयांवाचून खांबांवर टेकलेले होते, वरच्या मजल्यावर मूळ योजनेत नसलेली उपाहारगृहे आली होती, आणि छतावरील थंड हवेची अवजड यंत्रे पूर्वी एका बाजूहून दुसरीकडे सरकवीत नेली होती. त्या वाटेवर स्लॅबला तडे गेले होते. त्या दिवशी सकाळीही तडे दिसले. दुकान बंद केले नाही. दुसरे उदाहरण बांगलादेशातील. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ साभार येथे राणा प्लाझा ही इमारत पडून अकराशेहून अधिक कामगार दगावले. दुकाने व कार्यालये यांसाठी बांधलेल्या इमारतीत शिवणकामाचे कारखाने आणि वीज निर्माण करणारी अवजड यंत्रे चढविली होती. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले तेव्हा खालची बँक व दुकाने बंद झाली. वरच्या कारखान्यांतील कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलाविले गेले. दोन्ही ठिकाणी भार वाढविणारे निराळे होते आणि मेले ते निराळे.

मग वरच्या मजल्यावर स्ट्राँगरूम कधीच नसावी काय? असे माझे म्हणणे नाही. इमारत नवी बांधावयाची असेल आणि दुसरा इलाज नसेल तर पहिल्या रेघेपासून तिचा विचार करून नकाशा करता येतो. स्ट्राँगरूमच्या प्रत्येक भिंतीखाली तुळई, तुळईखाली खांब किंवा भिंत, आणि ती थेट पायापर्यंत गेलेली, असा सरळ मार्ग ठेवावा. फुटभर काँक्रीटऐवजी कारखान्यात तयार केलेल्या, तेवढ्याच संरक्षणाच्या पण कमी जाडीच्या पट्ट्यांची खोली बसविता येते. तिचाही भार मात्र बनविणाऱ्याकडून लेखी घ्यावा. जुन्या इमारतीत हे काम फार कठीण. तेथे मूळ नकाशे व सळईचे तपशील मिळाले, काँक्रीट तपासले गेले आणि पात्र अभियंत्याने लेखी दाखला दिला, तरच पुढचे पाऊल टाकावे. ‘स्लॅब चांगला जाड दिसतो’ हा दाखला नव्हे. तिजोरी चढविताना ती ज्या जिन्याने, ज्या चौकावरून आणि ज्या वाटेने जाणार, त्या साऱ्या वाटेचीही तपासणी हवी. जागेवर पोचेपर्यंत ती प्रत्येक पावलाला नव्या ठिकाणी भार टाकीत असते.

जेथे तिजोरी आधीच वर आहे तेथे काही खुणा पाहाव्या. खालच्या दुकानाच्या छताला मध्यभागी बारीक समांतर तडे. आधाराजवळ तिरके तडे. वर फरशी मोकळी होऊन पोकळ वाजणे. सांडलेले पाणी तिजोरीकडे वाहणे. पूर्वी नीट लागणारे दार अडकू लागणे. गिलाव्याचे पापुद्रे पडून गंजकी सळई दिसणे. यांपैकी एखादी खूण दिसली तर रंग लावून ती झाकू नये. आधी जड ऐवज खाली आणावा, खालची जागा मोकळी करावी, आणि मग अभियंत्याला बोलवावे. क्रम हाच असावा.

हे सारे केवळ बँकांपुरते नाही. निवडणुकीनंतर मतदान यंत्रांसाठी स्ट्राँगरूम केली जाते, शाळांतून प्रश्नपत्रिकांची कपाटे असतात, वाचनालयांत पुस्तकांच्या मांडण्या वाढत जातात. प्रत्येक ठिकाणी भार हळूहळू, कपाटामागून कपाट असा चढतो, आणि कोणत्या दिवशी मर्यादा ओलांडली हे कोणालाच कळत नाही.

श्रोतेहो, तिजोरीत ज्याचे सोने असते तो सभासद वार्षिक सभेत बसतो; त्याला प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. पण तिजोरीच्या बरोबर खाली जो शिंपी, किराणा दुकानदार किंवा चहावाला दिवसभर बसतो, तो बहुधा त्या संस्थेचा सभासद नसतो. त्याला कोणी विचारीत नाही, आणि आपल्या डोक्यावर किती टन आहेत हे त्याला ठाऊकही नसते. त्याच्या वतीने प्रश्न विचारणे हे आपले काम आहे. आपल्यापैकी पुष्कळजण कोठल्या ना कोठल्या पतसंस्थेचे सभासद आहेत. येत्या वार्षिक सभेत नफ्याचा व लाभांशाचा विषय होऊन गेल्यावर उभे राहून एवढेच विचारा: आपली तिजोरी किती वजनाची आहे, तिच्याखालचा स्लॅब किती भारासाठी बांधला आहे, आणि हे कोणी लिहून दिले आहे? तिन्हींची उत्तरे कागदावर मिळाली तर संचालकांचे अभिनंदन करावे. एकाचेही मिळाले नाही, तर तिजोरी तळमजल्यावर आणण्याचा ठराव त्याच सभेत मांडावा. त्यासाठी एका दुकानाचे भाडे बुडाले तरी चालेल.